मनूला पत्र : स्कूटर ठेव, एसटीने जा

प्रिय मनू,

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हा मी लगेच परत लावणार होते, बाबा म्हणाले राहू दे, तिची मॉक टेस्ट चालू असेल. म्हणून लिहितीये. फोनवर आपलं हल्ली दोन मिनिटांत वाजतंच, मी एक विचारते, तू चिडतेस, मग माझा पण आवाज चढतो आणि जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. लिहिलेलं निदान तू मधे तोडणार नाहीस. आज वेळ नसेल तर उद्या वाच, पण पूर्ण वाच.

बाबांचं म्हणणं तुझ्या स्कूटरच्या मिररचा विषय मी काढायला नको होता. मला तसं वाटत नाही. तू नव्या जर्किनचा फोटो पाठवलास त्यात मागे तुझी स्कूटर होती, डावीकडचा मिरर नाही आणि त्याच बाजूचं पुढचं फायबर पार खरवडलेलं, आतलं काळं दिसतंय. स्टँडवरून पडलेली गाडी अशी खरवडत नाही मनू, जागेवर पडली की ती नुसती चेपते. आयुष्यभर ट्रेझरीत बिलं तपासण्यात गेलं माझं, कुठे खाडाखोड आहे ते मला न शोधता दिसतं. तू म्हणालीस पार्किंगमधे पडली, मी म्हटलं बरं, पण रात्रभर डोळ्याला डोळा नाही लागला. तू खोटं बोलतेस म्हणून नाही. तू मला घाबरवायचं नाही म्हणून खरं सांगत नाहीस, हे कळलं म्हणून.

झोपेबद्दल या पत्रात मी एकदाच विचारणार आहे, ते आत्ताच विचारून टाकते म्हणजे झालं. श्रद्धा सांगत होती तुझा दिवा एकपर्यंत चालू असतो आणि पाचचा गजर तिलाच बंद करावा लागतो. (तिला रागवू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.) म्हणजे चार तास. आणि त्या चार तासांवर तू सोलापूर ते मोहोळ, बँकेच्या ब्रांचला, गाडी चालवतेस, हायवेवरून, ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्यांच्या मधून, आणि कॅश टॅली होऊन, व्हाउचरं लावून, साहेबांची शेवटची मीटिंग उरकून अंधारात परत येतेस. झालं, आता नाही विचारणार.

मला परीक्षेचं वावडं आहे असं तुझ्या मनात असेल तर ते आधी काढून टाक. आरबीआय ग्रेड बी, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या अधिकारीपदाची परीक्षा, हे पहिल्यांदा तू सांगितलंस तेव्हा मला नीट कळलं नव्हतं, मला वाटलं बँकेतली पोरगी बँकेचीच परीक्षा देतीये, त्यात एवढं काय. मग बाबांनी नोटिफिकेशन प्रिंट करून आणलं आणि मी ते अक्षर न् अक्षर वाचलं. फेज वनला २०० मार्क, दोन तास, चुकलं की पाव मार्क कापणार, आणि एवढं करून ते मार्क पुढे धरतच नाहीत. खरी लढाई फेज टूच्या ३०० ची आणि इंटरव्ह्यूच्या ७५ ची. मागच्या खेपेला तू नोकरी करून फेज वन काढलीस, जनरल अवेअरनेसचे ८० प्रश्न २५ मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला धड वीस सेकंद पण नाहीत. भिशीत मी हे सगळ्यांना सांगितलं. शिंदेबाईंची सून म्हणाली पण फायनल नाही ना झालं, तर मी तिला म्हटलं तू आधी फेज वनचा पेपर उघडून बघ. सगळ्या गप्प झाल्या. तुला आवडणार नाही हे, पण मला राहवलं नाही.

आणि माझ्या माहेरच्या मातीतलंच आहे ना ते. चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ साली झाले, ते आमच्या महाडजवळच्या नाते गावचे. १९१२ च्या मॅट्रिकला ते पहिले आले होते आणि संस्कृतची शंकरशेट स्कॉलरशिप पण त्यांनाच मिळाली होती. आजोबा हे इतक्यांदा सांगायचे की नंदू त्यांच्या आधीच पुढचं वाक्य म्हणायचा.

असो. नंदूमामाबद्दल मी इथे लिहिणार नाहीये.

अभ्यासाचं एक सांगू का, रागावू नकोस. फेज टूच्या फायनान्समधे तू कमी पडतेस असं म्हणालीस, पण तू रोज जे करतेस तेच तिथे विचारतात ग. त्या दिवशी बाबांना तू फोनवर समजावत होतीस, हप्ता थकला की ९० दिवसांनी खातं एनपीए म्हणजे बुडीताकडचं धरतात, त्याच्या आधी एसएमए झिरो, वन, टू अशा धोक्याच्या पायऱ्या असतात, आणि पीककर्जाला मात्र ९० दिवस नाही तर हंगाम मोजतात, थोड्या दिवसांच्या पिकाला दोन हंगाम. बाबांनी मधे चार शंका काढल्या आणि तू चारही उत्तरं पुस्तक न बघता दिलीस, ती पण मोहोळच्या शेतकऱ्यांची उदाहरणं देऊन. जो घरी बसून क्लासच्या नोट्स पाठ करतो त्याच्याकडे हे आहे का? शेती, छोटे उद्योग अशा प्रायॉरिटी सेक्टरला कर्जातले ४० टक्के द्यायचे हे तो पाठ करतो, तू ते टार्गेट म्हणून अंगावर घेतेस. तेव्हा ब्रांचचा दिवस वाया जातो असं म्हणणं बंद कर. एवढंच कर, की दिवसभरात जो सर्क्युलर हाताखालून गेला त्यावर रात्री चार ओळी स्वतःच्या शब्दात टाईप कर. कारण फेज टूच्या ईएसआय (अर्थव्यवस्था आणि सामाजिक प्रश्न) आणि एफएम (फायनान्स आणि मॅनेजमेंट) या पेपरांची निम्मी उत्तरं टाईप करूनच लिहायची आहेत आणि इंग्रजीचा तर अख्खा पेपर कीबोर्डवर. तू अजून दोन बोटांनी टाईप करतेस. तू दहावीच्या सुट्टीत टायपिंगला जा म्हणून मी किती मागे लागले होते, मराठी ३० इंग्रजी ४० स्पीडची परीक्षा करून घेतली असती तर आज ९० मिनिटांच्या पेपरात हात अडला नसता. आणि मॉक दिली की लगेच दुसरी देऊ नकोस, पहिलीत चुकलं काय ते आधी बघ. आणि सकाळी पाचला उठून करंट अफेअर्स वाचणं हा निव्वळ वेडेपणा आहे, अर्ध्या झोपेत वाचलेलं...

बघ, सुरू झालं माझं लेक्चर. आणि झोपेचं पण आलंच. सॉरी बाळा. तुला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तू म्हणशील आई तू काय वेगळं केलंस. खरं आहे. मी लेखा लिपिक परीक्षा दिली तेव्हा तू पाळण्यात होतीस, ट्रेझरीच्या क्वार्टर्समधे दोन खोल्या, बाबा तेव्हा नोकरीला जतला, आणि आत्या तिच्या लग्नाआधीची आपल्याकडे राहायला होती म्हणून तर जमलं. ओट्यावर डब्यांना टेकवून मी मुंबई वित्तीय नियम १९५९ हे सरकारी खर्चाच्या नियमांचं पुस्तक उभं करून ठेवायचे, एका हाताने पोळी शेकायची आणि दुसऱ्याने पान दाबून धरायचं. त्या पुस्तकाच्या भावाला, म्हणजे १९८१ च्या रजा नियमांच्या पुस्तकाला, अजून तुपाचा डाग आहे, मी ते रिटायर झाल्यावर पण टाकलं नाही. आणि मार्च एंड! एकतीस मार्चला पूर्ण जिल्ह्यातल्या ऑफिसांची बिलं एकदम यायची, बाहेर व्हरांड्यात सगळे शिपाई गठ्ठे घेऊन बसलेले, लेखाशीर्ष, म्हणजे खर्च कोणत्या खात्यात टाकायचा ते, चुकलेलं असलं की आक्षेप लावून परत पाठवायचं आणि तो बिचारा सही आणायला पळत सुटायचा. रात्री कितीही वाजले तरी सगळ्यांचं काम झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही. कुलकर्णी मॅडम घरून मोठ्या कुकरमधे खिचडी आणायच्या. मला ते दिवस आवडायचे, खोटं कशाला सांगू. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा आत्या तुला कडेवर घेऊन ऑफिसात आली होती आणि तू साहेबांच्या टेबलावरचा शिक्का तोंडात घातलास, जांभळे ओठ घेऊन दिवसभर फिरत होतीस.

मी कुठे होते... हां. मी पण तेव्हा झोपत नव्हते हे तू मला ऐकवणार. पण मनू, मी ऑफिसातून घरी चालत यायचे. क्वार्टर समोरच होतं. पेंगत चालले तरी फार तर दगडाला ठेच लागली असती.

नंदू चालत येत नव्हता. त्याची रात्रपाळी असायची एमआयडीसीत आणि सकाळी तो तिथूनच परस्पर बीएसआरबीच्या, म्हणजे बँक भरतीच्या परीक्षेच्या, क्लासला जायचा, घरी फक्त आंघोळीला. आजी म्हणायची अरे दोन तास पड, तो म्हणायचा एकदा बँकेत लागलो की आयुष्यभर झोपणारच आहे. एम-८० गाडी होती त्याची, तुला फोटोतली आठवत असेल. गोवा रस्त्याला. पोलिसांनी सांगितलं ब्रेक मारल्याची खूणसुद्धा नव्हती. त्याची सामान्य ज्ञानाची वही आजी अजून कुणाला हात लावू देत नाही, तू लहानपणी ती ओढलीस तर तिने तुला पहिला आणि शेवटचा फटका मारला होता, तेव्हा तुला कारण कुणी सांगितलं नाही.

लिहिणार नव्हते मी हे.

म्हणून माझं मागणं एकच आहे आणि ते मी हट्टाने मागतीये, स्कूटर ठेव आणि एसटीने जा. लगेच नाही म्हणायच्या आधी ऐक. बाईमाणसाला २०२३ पासून एसटीला अर्धं तिकीट आहे, म्हणजे पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडेल. हायवेची गाडी आहे, दिवसभर गाड्या असतात. तू म्हणशील वेळ जातो, रात्री स्टँडवर थांबावं लागतं. थांब की. स्टँडवर मोबाईलवर आरबीआयची प्रेस रिलीज वाचता येते, पतधोरणाचं गव्हर्नरांचं निवेदन ऐकता येतं, इकॉनॉमिक सर्व्हेचं एक प्रकरण होईल. स्कूटरवर यातलं काय होतं? आणि बसमधे डोळा लागला तर लागू दे, कंडक्टर उठवेल. नाहीतर मोहोळलाच खोली बघ, डिपॉझिट मी देते, तुझ्या लग्नासाठी ठेवलेल्यातलं नाही, माझ्या ग्रॅच्युइटीतलं. तुला सोलापूरची लायब्ररी सोडवत नाही हे मला माहितीये, श्रद्धाची सोबत आहे, नेट चांगलं आहे. तरी विचार कर.

नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यास करू का असं तू बाबांना विचारलंस, मला नाही विचारलंस. मी त्यात पडणार नाही. ओपनला सहाच संधी आणि तिशीची अट, त्यामुळे घाई का होते ते मला कळतं. माझं मन सांगतं सोडू नको, दर महिन्याला पगार आला की डोकं शांत राहतं, आणि नाही झालं तर काय ही भीती घेऊन पेपरला बसावं लागत नाही. पण तुझा चेहरा बघितला की वाटतं दे सोडून सगळं आणि ये घरी, इथे वरची खोली रिकामीच आहे. दोन्ही खरंच वाटतं मला, म्हणून तूच ठरव. निदान पीएल, म्हणजे हक्काची रजा, तरी साठवून ठेव, फेज वनचा निकाल लागला की फेज टूला हातात फार दिवस नसतात, तेव्हा सलग रजा टाक. उगाच लग्नकार्यांना सीएल (किरकोळ रजा) घालवू नकोस, रोहिणीच्या साखरपुड्याला नाही आलीस तर मी सांभाळून घेईन. आणि सरकारी बँकेतल्यांना इंटरव्ह्यूच्या वेळी बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) लागते, ती मिळायला किती दिवस जातात ते तुमच्या एचआरला आधीच विचारून ठेव. आयत्या वेळी एका सहीसाठी धावाधाव करणारी माणसं मी फार बघितलीत.

होईल ग तुझं. मला खरंच वाटतं होईल. पण नाही झालं तर मला काही फरक पडत नाही, हे पण खरं आहे, आणि हे लिहिताना हात थरथरला कारण तुला वाटेल आईचा विश्वास नाही. विश्वास आहे. तुझ्यावर आहे, त्या रस्त्यावर नाही.

बाबा येत्या दुसऱ्या शनिवारी सोलापूरला येतायत, तुला बँक बंदच आहे. बरोबर शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि तुझा तो पातळ चादरीचा सेट देतीये. ते गाडी शोरूमला टाकणार आहेत, मिरर आणि पुढचं फायबर दोन्ही बदलायचं म्हणतायत, पार्ट यायला आठवडा लागेल. तेवढे दिवस तर एसटीने जावंच लागेल तुला. त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांना मी पाठवतीये. आणि गाडीची दुसरी किल्ली त्यांच्याकडे दे.

तुझी,
आई

ता. क. खरंच कुठे पडलीस ते मला नको सांगूस, बाबांना सांग. लागलं होतं का एवढं मात्र मला मेसेज कर.