मावशी, माझ्या लेकराला उचलून घेतलंत त्याबद्दल

प्रिय मावशी,

हे पत्र मी सगळ्यांसमोर लिहितेय कारण घरी तुमच्यासमोर नुसता 'आभार' शब्द काढला तरी तुम्ही पदर खोचून उठता आणि वाडीत पाणी सोडायचंय म्हणून निघून जाता. आता तुमचा नातू तुम्हाला खुर्चीत बसवून फोनवरून वाचून दाखवेल, मी त्याला तसं बजावलंय, तेव्हा शेवटपर्यंत ऐका. आणि तुमच्याबरोबर आपल्या आळीतल्या बाकीच्यांनीही वाचावं असं मला फार वाटतं, का ते पुढे सांगते.

नोव्हेंबरात विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत कळलं की वार (प्लासेंटा) खाली आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या घाबरू नका, गर्भाशय वाढतं तशी बहुतेक बायकांची वार आपोआप वर सरकते, पण तोपर्यंत जड काही उचलायचं नाही, दगदग नको आणि रक्त दिसलं तर मध्यरात्र असली तरी लगेच निघायचं. मी मान हलवली आणि रिक्षात बसल्यावर एकदम रडायलाच आलं, कारण माझ्या घरात जड वस्तू एकच, आमचा दोन वर्षांचा धाकटा, आणि तो दिवसभर दोन्ही हात वर करून माझ्यासमोर उभा असतो. ह्यांची विरारवरून पहाटेची लोकल, परत येतात तेव्हा मुलं झोपलेली, सासूबाई आता नाहीत, माझी आई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर स्वतःच वॉकर धरून चालते. मुलीला शाळेत सोडायला रिक्षावाले काका मिळाले पण धाकट्याचं काय करायचं ह्याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. नातेवाईक प्रेमाने म्हणाले त्याला आमच्याकडे पाठवून दे चार महिने. चार महिने! त्याला वाटलं असतं नवीन बाळ येणार म्हणून मला घराबाहेर काढलं.

तुम्ही दुसऱ्या दिवशी वाडीतलं काम आटपून आलात, हाताला अजून माती होती, आणि काय मदत करू असं विचारलंत सुद्धा नाही. तुम्ही सरळ आमच्या दिवाणाजवळ लाकडी पाट आणि त्याच्याशेजारी छोटं स्टूल ठेवलंत आणि त्या पोराला शिकवलंत की आईने उचलायचं नाही, आपणच आईकडे चढायचं. पाटावर एक पाय, स्टुलावर दुसरा, की आलं मांडीवर. दोन दिवसांत तो शिकला. मावशी, मला हेच सगळ्यात जास्त सांगायचंय, मुलं सांभाळायला घेऊन जाणारे खूप असतात, तुम्ही त्याला माझ्यापासून लांब नेलं नाहीत, रोज माझ्याच जवळ आणून बसवलंत. बाहेर अंगणात न्यायचं, कडेवर घेऊन केळी दाखवायच्या, आंघोळ घालायची, हे सगळं उचलायचं काम तुमचं, आणि मऊभात भरवायचा, गोष्ट सांगायची, झोपवायचं ते माझ्याकडे ठेवलंत. दुपारी चर्चची बारा वाजताची घंटा झाली की तुम्ही उभ्या राहून देवदूताची प्रार्थना म्हणायचात आणि तो सुद्धा मध्येच आमेन आमेन करायचा, मग तुम्ही घरी जेवायला.

रविवारच्या मिस्साचं तर वेगळंच लिहायला पाहिजे. आधी मी दोन मुलं घेऊन शेवटच्या बेंचवर, नाहीतर दाराबाहेर मंडपात उभी असायचे, पोरगं ओरडलं तर पटकन पळता यावं म्हणून. तुम्ही आम्हाला हाताला धरून पुढून दुसऱ्या बेंचवर नेलंत. मला वाटलं आता सगळे बघणार. तुम्ही म्हणालात, मागे बसवलं तर त्याला फक्त लोकांच्या पाठी दिसतात, मग तो कंटाळणार नाही तर काय करणार. आणि मग त्याला कडेवर घेऊन कानात सांगत राहिलात, बघ मेणबत्ती, बघ आता फादर हात धुणार, आता घंटी वाजणार हं, गप्प बघ. आणि तो गप्प बघायला लागला. नेहमी नाही, राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, त्याने कपाळाची राख पुसून माझ्या ओढणीला लावली आणि मोठ्याने हसला, पण तेव्हाही तुम्ही त्याला बाहेर नेलं नाहीत, आणि कोणीतरी मागून वळून बघितलं तर तुम्ही त्यांच्याकडे असं छान हसलात की तेही हसले. कितीतरी महिन्यांनी मी शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत बसून ऐकलं. लहान मुलांना चर्चमध्ये पुढेच बसवावं असं माझं आता ठाम मत झालंय आणि मी प्रत्येक तरुण आईला ते सांगते.

आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या आठवड्यांत, मला येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करायची ताकद नव्हती, ह्या वर्षी विकतचा छोटा आणू म्हणून मी मनाची तयारी केली होती. तुम्ही डिसेंबरच्या मध्यावर नाचणी आणि करवंट्या घेऊन आलात, मुलीला माती भरायला लावलीत, दाणे पेरून घेतलेत, आणि तिला काम दिलंत रोज सकाळी हाताने पाणी शिंपडायचं. शाळेतून आली की आधी करवंट्या बघणार, मग दप्तर खाली ठेवणार. नाताळपर्यंत हिरवंगार गवत आलं, तुमच्या शेतातला पेंढा आला, आणि मी फक्त दिवाणावर बसून मेंढ्या कुठे ठेवायच्या ते सांगितलं. मुलीने बाळ येशूची जागा रिकामी ठेवली आणि मला विचारलं की आपल्या बाळासाठी पण अशीच जागा करून ठेवायची का. तुम्ही लगेच उठून जुनं लुगडं आणलंत आणि तिच्यासोबत बसून दुपटी शिवायला घेतलीत.

रात्रीच्या रोझरीचंही, म्हणजे माळेच्या प्रार्थनेचंही, तुम्हीच सोपं केलंत. तिचे पाचही भाग, म्हणजे रहस्यं, म्हणायला गेलो की तिसऱ्यापर्यंत एक रडतोय एक झोपलीय असं व्हायचं, तुम्ही म्हणालात एकच रहस्य म्हणा पण रोज म्हणा, आणि मेणबत्ती विझवायचा मान धाकट्याला द्या. आता तो स्वतःच वेळ झाली की मेणबत्तीकडे बोट दाखवतो. तिथेच तुम्ही संत जेरार्डचं ते छोटं चित्र लावलंत, तुमच्या तिन्ही बाळंतपणांत उशीखाली असलेलं. त्याची रुमालाची गोष्ट मी तुमच्याकडूनच पहिल्यांदा ऐकली, एका घरी तो रुमाल विसरला, मुलगी द्यायला धावली तर म्हणाला ठेव तुला लागेल, आणि पुढे ती बाळंतपणात अडली तेव्हा तिने तो रुमाल मागून घेतला आणि दोघं वाचले. जेमतेम एकोणतीस वर्षांचं आयुष्य मिळालेला साधा ब्रदर आणि जगभरच्या गरोदर बायका त्याला हाक मारतात. मला ज्या रात्री झोप लागायची नाही त्या रात्री मी पण मारली.

राखेच्या बुधवारी मी विचारलं उपास धरू का, तर तुम्ही काही न बोलता तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण समोर ठेवलंत. मग म्हणालात, मांस नाही खायचं ते ठीक, पण पोटातल्याला उपाशी ठेवायला चर्चने कधी सांगितलंय? संध्याकाळी फादरना विचारलं तर त्यांनीही हेच सांगितलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला उपासाचं बंधन नाही. आणि 'तिसरं का गं आता, महागाई किती' असं विचारणाऱ्यांना तुम्ही एकच उत्तर द्यायचात, देवाने दिलंय, आपण हात लावू. तुम्ही खरंच हात लावलात मावशी.

म्हणून आळीतल्या सगळ्यांना एक सांगते. आपल्याकडे लग्न असलं की मंडप घालायला, भाकऱ्या थापायला अख्खी आळी येते, मयत झाली की घरात चूल पेटायच्या आधी जेवण येतं, बाळ झालं की झबली-टोपडी आणि डिंकाचे लाडू येतात आणि त्याचं मला फार कौतुक आहे. पण बाळ व्हायच्या आधीचे जे शेवटचे महिने असतात, पाय सुजलेले, कंबर धरलेली आणि घरात दोन लहान, तेव्हा बहुतेक कोणीच येत नाही कारण तेव्हा दिसायला सगळं ठीक असतं. मरीया एलिझाबेथकडे गेली ती बाळ व्हायच्या आधीच ना, सहावा महिना लागला होता एलिझाबेथला, आणि जवळजवळ तीन महिने राहिली असं लूकच्या शुभवर्तमानात आहे. तीन महिने तिने तिथे काय केलं ते लिहिलेलं नाही पण मला आता अगदी पक्कं माहितीये की पाणी भरलं असणार, केर काढला असणार, धान्य दळलं असणार. तुमच्या शेजारी अशी कोणी असेल तर बारशाची वाट बघू नका, आजच तासभर जा, आणि तिचं मूल घेऊन जाऊ नका, तिच्यापाशी बसून सांभाळा.

वार पुढच्या सोनोग्राफीत वर सरकलेली दिसली, त्या दिवशी ह्यांच्या आधी मी फोन तुम्हाला केला होता. झावळ्यांच्या रविवारी तुम्ही दोन्ही मुलांना मिरवणुकीत नेलंत आणि धाकटा झावळीचा क्रूस घेऊन आला. पुनरुत्थान रविवार (ईस्टर) झाला आणि त्याच आठवड्यात रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा दार वाजवल्याबरोबर तुम्ही उशी घेऊनच बाहेर आलात. मुलं सकाळी उठली तर तुम्ही त्यांना सुकेळी (सुकवलेली केळी) देऊन गोन्सालो गार्सियाची गोष्ट सांगत होतात, वसईत जन्मलेला, आई इथलीच, जपानला गेला आणि 1597 साली नागासाकीला क्रूसावर मारला गेला, आपला संत. त्यामुळे आमच्या मुलीने बाळाचं नाव गोन्सालोच ठरवून टाकलं होतं. बहीण झाली म्हटल्यावर ती थोडी गप्प झाली, मग म्हणाली, ठीक आहे, पुढच्या वेळी.

आता शेवटची गोष्ट, आणि ही ऐकून उठायचं नाही. बाळाच्या बाप्तिस्म्यासाठी धर्ममाता (गॉडमदर) म्हणून आम्हाला दोघांना तुम्हीच हव्या आहात. तुम्ही म्हणणार माझं वय बघा, कोणी तरुण बघा. मी फादरना विचारून आलेय, सोळा वर्षं पूर्ण पाहिजेत, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालेलं पाहिजे, वरची वयाची मर्यादा काही नाही. ऑफिसात तुमच्या दृढीकरणाचा दाखला लागेल, तो तुमच्या माहेरच्या धर्मग्रामातून आणायला हे शनिवारी जाणारेत. तुम्ही फक्त तुमचं माहेरचं पूर्ण नाव आणि वडिलांचं नाव नातवाकडून आम्हाला लिहून पाठवा, शुक्रवारच्या आत.

तुमची,
शेजारची पोरगी