‘फ्लेजलिंग’ अपुरी नाही

मा. संपादक,

अमेरिकी लेखिका ऑक्टेव्हिया बटलर यांची कादंबरी ‘फ्लेजलिंग’ २००५ साली आली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये त्या गेल्या. पुढचा भाग आलाच नाही, म्हणून कादंबरीचा शेवट लोंबकळत राहिला, असे सर्रास म्हटले जाते. ते पटत नाही.

नायिका शोरी ५३ वर्षांची, पण दिसायला दहा-अकरा वर्षांची काळी मुलगी. ‘इना’ या व्हॅम्पायर जमातीतल्या तिच्या घरच्यांनी तिच्यात एका काळ्या स्त्रीची जनुके मिसळली आहेत, म्हणून इतर इना दिवसा गाढ झोपतात तेव्हा ती जागी राहू शकते. वस्त्या जाळणारे मारेकरी नेमके दिवसा येतात. त्यांना धाडणाऱ्यांना ज्या कातडीचा तिटकारा, तिच्याच बळावर ती आपली माणसे वाचवते. पुढे इनांचे न्यायमंडळ तीन रात्री बसते. मारेकरी धाडणारे सिल्क हे इना कुटुंब दोषी ठरते, त्यांची मुले दुसऱ्या घराण्यांत वाटली जातात. सिल्कांची बाजू घेणारी कॅथरिन डालमन हीही दोषी ठरते, पण ती शिक्षा नाकारते आणि जिवानिशी जाते. म्हणजे खटला पुरता निकाली निघतो.

उघडे राहते ते वेगळेच. डोक्याच्या जखमेत शोरीची स्मृती गेली, ती गेलीच. मारल्या गेलेल्या मातांसाठी, बहिणींसाठी रडावे तर आठवण तरी हवी ना! बटलर इथे उत्तर लपवत नाहीत. त्या जगात ते उत्तरच नाही. शेवटच्या प्रकरणात स्मृती परत आणली असती, तर सिल्कांनी केलेले नुकसान फुकटात भरून निघाले असते. उघडा शेवट फसतो तो बहुतेकदा उलट चुकीने: लेखक गुन्हेगारालाच झाकून ठेवतो आणि वाचकाला फसवल्यासारखे वाटते.

शोरीने चावलेला, तिच्यासोबत राहणारा माणूस म्हणजे राइट. त्याचा प्रश्नही असाच. इनाच्या चाव्याने माणसाला सुख मिळते, आयुष्य वाढते, पण इना मेला आणि दुसऱ्याने वेळीच सांभाळले नाही, तर माणूसही बहुधा मरतो. राइटला हे कळते तोवर तो गुंतलेला असतो. तो राहतो. त्याला संमती म्हणायचे का, हे बटलर सांगत नाहीत.

शेवट वाचल्यावर पहिले प्रकरण पुन्हा काढावे. गुहेत भाजलेल्या, आंधळ्या, भुकेल्या शोरीने जनावर समजून ज्याला मारून खाल्ले, तो तिलाच शोधायला आलेला ह्यू टँग होता. घरच्यांच्या मरणाची तिला आठवण नाही. हे मरण तिला आठवते, आणि त्याचा खटला चालत नाही.

– एक वाचक