जुना लॅपटॉप भंगारात घालण्याआधी

महोदय,

इचलकरंजीत माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि तेव्हापासून ‘हा लॅपटॉप आता भंगारातच ना?’ असं विचारत माणसं येऊ लागली. त्यांना मी जे सांगतो ते आपल्या वाचकांपर्यंतही पोचावं, म्हणून हे पत्र.

नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या टेबलावर टीव्हीपेक्षा व्हिडिओ गेमच जास्त असायचे. जपानच्या निन्टेन्डोने १९८३ मध्ये काढलेल्या फॅमिकॉम या गेम खेळायच्या यंत्राच्या त्या नकला. गेम लागेना की पोरं कॅसेट काढून फुंकर मारायची आणि फुंकरीतल्या ओलाव्याने पिना आणखी खराब व्हायच्या. मी खोडरबर घासून स्पिरिटचा बोळा फिरवला की बरेचसे तिथल्या तिथे सुरू व्हायचे. पण बोर्डावरचा तो डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका गेला की इलाज नव्हता. चिप त्याच्या आतच, थेट बोर्डावर बसवलेली. काढता येत नाही, बदलता येत नाही. असा सेट परत देताना पोरांच्या तोंडाकडे बघवत नसे.

त्या चिपचं काम आज एमुलेटर नावाचा प्रोग्रॅम करतो. गेममधली एकेक आज्ञा वाचायची आणि मूळ चिपने जे केलं असतं तेच करून दाखवायचं. मूळ यंत्राचा वेग १.८ मेगाहर्ट्झच्या आसपास, कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट. माझ्या मुलीचा कॉलेजातला लॅपटॉप २ गिगाहर्ट्झचा, रॅम २ जीबी. म्हणजे वेग हजार पटींच्या वर आणि मेमरी दहा लाख पट! फुगलेली बॅटरी आधी काढून ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिली. मग विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या दुसऱ्या सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली, तिच्यावर एमुलेटर चालवणारं रेट्रोआर्च. दोन्ही फुकट मिळतात. एका संध्याकाळचं काम.

लॅपटॉप टीव्हीला जोडून एका खारीचा गेम लावला आणि नातू म्हणाला, “आबा, खारूताई उशिरा उडी मारतीय.” खरंच, बटण दाबल्यावर क्षणभर काहीच होत नव्हतं. एचडीएमआयची वायर काढून लॅपटॉपच्याच पडद्यावर पाहिलं, तर उडी वेळेवर. दोष टीव्हीकडे होता. जुन्या पिक्चर ट्यूबवर सिग्नल आला की लगेच रेघ उमटायची. आताचा टीव्ही चित्र आधी साठवतो, त्याला घोटून गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. टीव्हीच्या मेनूत जाऊन ‘गेम मोड’ लावला, झालं. ज्यांना हे ठाऊक नसतं ते उगाच लॅपटॉपला नावं ठेवतात.

ही खार म्हणजे ‘नोव्हा द स्क्विरल’. जुन्या यंत्रासाठी नव्याने लिहून फुकट दिलेला गेम. एमुलेटर वापरण्यात काही गैर नाही, पण इंटरनेटवरून उचललेल्या जुन्या गेमवर कंपन्यांचा कॉपीराइट असतो, म्हणून ते मी कुणाला टाकून देत नाही. मात्र कंपन्यांनीही ते विकायला ठेवले पाहिजेत. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात नाहीत, असं व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास करून सांगितलं. पैसे मोजायला तयार असलेल्या माणसाने मग जायचं कुठे? लहानपणीचा गेम मागत चाळिशीतली माणसं माझ्या दुकानात येतात आणि त्यांना मी नाही म्हणतो. याचं मला फार वाईट वाटतं.

आमच्या भागातल्या ज्या शाळेत किंवा वाचनालयात असे लॅपटॉप धूळ खात पडले असतील, त्यांनी ते दुकानात आणावेत. लिनक्स आणि गेम मी बसवून देईन, पोरांना टायपिंग शिकायलाही ते चालतील. मजुरी घेणार नाही. चार्जर मात्र सोबत आणावा, बॅटऱ्या बहुतेक मेलेल्याच असतात.

– एक टीव्ही मेकॅनिक, इचलकरंजी