निकियास, मूतखडा आणि ग्रहण

९ सप्टेंबर २०२५

प्रिय बंड्या,

सहा महिने ना फोन, ना पत्र. शिव्या भेटल्यावर घाल. माझा मूतखडा जागच्या जागी, आईचे गुडघे तसेच.

परवा रविवारी ग्रहण बघायला गच्चीवर गेलो. तांबूस चंद्र दिसला आणि आधी तूच आठवलास. 'प्राचीन अथेन्सचा तो सेनापती निकियास भित्रा नव्हे, सज्जन होता बिचारा,' म्हणालो म्हणून मेसमध्ये माझ्या नोट्सवर आमटी ओतली होतीस. (चुकून सांडली म्हणे!)

तर ऐक. दादाने फरसाणाचं दुसरं दुकान काढायचं ठरवलं, मी नको म्हणालो. ऐकेना, म्हणून घाबरवायला गेलो: नवी भट्टी, दोन कारागीर, टेम्पो, वीस लाख तरी लागतील. दादा म्हणाला, "पंचवीस काढू. कर्जावर सही तुझी." इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सच्या सभेत दुसरं काय झालं? सिसिलीला ६० जहाजं धाडायचं ठरलेलं. मोहीम मोडावी म्हणून निकियासने आकडा फुगवला: जहाजं किमान शंभर, जड पायदळ पाच हजार. सभा उलट खूश! सगळं मंजूर, आणि सेनापतींमध्ये हाच. भरीला घालणारा अल्किबियादीस, तुझा लाडका, खटल्याचं बोलावणं येताच वाटेतून सटकून शत्रूला, स्पार्टाला मिळाला. दादाही हल्ली नव्या दुकानाकडे फिरकत नाही.

काल रात्री गल्ला मोजला. ८४० रुपये. एका कारागिराची हजेरीच ९००. बाकरवडीचे दोन ट्रे मऊ पडले, ते गडी घरी घेऊन गेला.

बंद करावं हे मला कळतं रे. पण निकियासला सिराक्यूजची, म्हणजे सिसिलीतल्या ज्या शहराशी तो लढत होता त्याची, भीती नव्हतीच, भीती अथेन्सची होती. आज माघारीसाठी ओरडणारे शिपाईच घरी गेल्यावर म्हणतील, लाच खाऊन परतला. तसे माझे काका, आत्या, खुद्द दादा. शिवाय शहरातले निकियासचे खबरे सांगत होते की सिराक्यूजचा खजिना आटलाय, थोडं थांबा. आमचा हिशेबनीस म्हणतो, दिवाळीला उचलेल. आणि हसू नकोस, निकियासलाही मूत्रपिंडाचाच आजार होता. घरी पत्र लिहून 'मला सोडवा' म्हणाला, तर त्यांनी आणखी आरमार पाठवलं.

४१३ च्या ऑगस्टमध्ये निघायची तयारी झाली आणि चंद्रग्रहण लागलं. ज्योतिषी म्हणाले, नऊ त्रिक सत्तावीस दिवस थांबा. थांबले. बंदरात आरमार बुडालं, पायी पळताना असिनारस नदीवर तहानेने वेडे झालेले लोक रक्ताने गढुळलेलं पाणी पिता पिता कापले गेले. निकियासला मारलं. सुमारे ७,००० कैदी दगडाच्या खाणीत, माणशी दिवसाला पाव लिटर पाणी आणि त्याच्या दुप्पट मापाचं धान्य. अथेन्सवाल्यांनी असे आठ महिने काढले.

काल वहिनी म्हणाली, "पितृपक्षात कसलाच निर्णय नको." मी 'बरं' म्हणालो! बंड्या, मला सुटल्यासारखं वाटलं. त्यानंतर झोपच नाही.

तुझ्या लेकीचं जर्मनीचं ठरलं का? नवं घर लाभलं ना? कळव.

दुकानाच्या लिव्ह अँड लायसन्सची मुदत ३० तारखेला संपते, मालक नव्या अनामतीसाठी मागे लागलाय. त्याआधी ये. दादासमोर मी बोलेन, तू फक्त शेजारी बस. आमटी मी करतो.

तुझा,
नान्या