बचत गटाच्या सर्व बायांसाठी: पुराच्या मदतीचं सामान

वैनगंगेकाठची कुटुंबं शाळेत मुक्कामी आहेत, ठाऊकच आहे. बुधवारी सकाळी ९ वाजता समाजमंदिरात सामान आणा. १० ला ट्रॅक्टर निघेल, थांबणार नाही.

कपडे नकोत. ऑगस्ट २०२० मध्ये गोसेखुर्द धरणाचे ३३ ही दरवाजे उघडले, तेव्हा आपण पोतंभर दिले होते. त्यातून फाटकी लुगडी अन् एका पायाची चप्पल निघाली. घर बुडालं म्हणून कोणी काहीही अंगावर घालत नाही.

तांदूळ, तुरीची डाळ, मीठ-तिखट, मच्छरदाणी चालेल. पॅड कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत द्या, वाटायला आपल्यापैकीच दोघी जातील. झाकणाच्या बादल्या मात्र जास्त हव्यात. पिणं, रांधणं, धुणं मिळून माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी धरतात, अन् तिथं एकच हातपंप, तोही पुरात बुडालेला. क्लोरीनच्या गोळ्या आशाताईंकडे मागितल्या आहेत. त्या येईस्तोवर पाणी उकळूनच प्यायचं, हे तिथल्या बायांना सांगायचं आहे.

पोळ्या करून आणू नका, पोचेस्तोवर आंबतात. देताना फोटो कोणी काढायचे नाहीत.

काय दिलं ते वहीत लिहा. वही कोषाध्यक्षांच्या घरी आहे.