न झालेल्या स्कूबा डायव्हिंगचे पैसे परत मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : अंदमान कौटुंबिक सहल, हवामानाची माहिती दडवणे आणि परतावा नाकारणे

महोदय,

यंदाच्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमचं कुटुंब तुमच्या कंपनीमार्फत अंदमानला गेलं होतं. मी, माझे यजमान, दोन मुलं आणि सासरे. बुकिंग तुमच्या नाशिकच्या कॉलेज रोडवरील शाखेत झालं, पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. सासरे सोडून आम्हा चौघांचं स्कूबा डायव्हिंग ठरलं होतं आणि त्याचे २६,००० रुपये पावतीत वेगळे दाखवले आहेत. डायव्हिंग झालं नाही. पैसे परत मागितले तेव्हा तुमचा दोन ओळींचा ईमेल आला. पाऊस ही नैसर्गिक आपत्ती आहे आणि शेवटच्या दिवशी देऊ केलेली डाइव्ह ग्राहकाने स्वतः नाकारली, म्हणून परतावा मिळणार नाही, असं त्यात लिहिलं आहे. ही दोन्ही कारणं मला मान्य नाहीत.

पाऊस पडला म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही, हे आधीच सांगते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्ष बागायतदारांचं. छाटणीनंतरच्या अवकाळीने घड जिरताना आणि ऐन काढणीच्या तोंडावर गारांनी मणी फुटताना मी लहानपणापासून पाहत आले आहे. आभाळाला कुणी जाब विचारत नाही. पण बाग हातची गेली तर व्यापाऱ्याकडून घेतलेला विसार परत करायचा असतो, हेही मी त्याच घरात पाहिलं. माल दिला नाही आणि पैसे मात्र ठेवून घेतले, असा व्यवहार माझ्या वडिलांनी कधी केला नाही. माझे पैसे तुमच्याकडे नेमके तसे पडून आहेत.

आता मूळ तक्रारीकडे येते. मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी अंदमानात पोचतो. साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तो दक्षिण अंदमान समुद्रावर येतो, एखाद्या वर्षी थोडा आधी, एखाद्या वर्षी थोडा उशिरा. ‘मान्सून अंदमानात दाखल’ ही बातमी दरवर्षी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असते आणि नाशिक जिल्ह्यात शेतीशी संबंध असलेलं प्रत्येक घर ती वाचतं. म्हणून पैसे भरण्याआधीच मी तुमच्या शाखेत सरळ विचारलं होतं, की मेच्या शेवटी तिकडे समुद्र कसा असतो? आमचा मुलगा यंदा दहावीत गेला. त्याचे सुट्टीतले जादा तास संपल्याशिवाय आम्हाला निघता येणार नव्हतं, म्हणून तारखा त्या आठवड्याच्या होत्या. तारकर्लीला जायचा विचार होता, पण मेअखेरीला कोकण किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद होतात. त्यावर तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर माझ्या यजमानांनाही आठवतं आहे : “मॅडम, मालवणसारखं अंदमानला नसतं. तिकडे बारा महिने डायव्हिंग चालू. एखादी सर येते आणि जाते.”

हे उत्तर चुकीचं होतं, आणि सहलींचाच धंदा करणाऱ्या कंपनीला ते चुकीचं आहे हे माहीत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. नैऋत्येचा वारा सुरू झाला की तिथे समुद्र खवळतो, फेऱ्या रद्द होतात. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नील या बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते आणि नौदलाला जहाजं पाठवून त्यांना आणावं लागलं होतं. तेव्हापासून तरी पर्यटकांना तिकडे नेणाऱ्या प्रत्येकाकडे फेरी रद्द झाल्यावर काय करायचं याची तयारी असायला हवी.

ती तुमच्याकडे नव्हती. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला उतरलो, सेल्युलर जेल पाहिलं. सासरे मूळचे भगूरचे. सावरकर बंधूंच्या गावचा माणूस आयुष्यात एकदा ती कोठडी पाहतो तेव्हा त्याला काय वाटत असेल हे मी लिहू शकत नाही. तो दिवस आम्हाला मिळाला, याचं समाधान आहे. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम पावसामुळे झाला नाही, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेल सोडून सामानासह जेटीवर गेलो तर हॅवलॉकची फेरी रद्द. बंदरावर धोक्याचा बावटा लागला होता. तुमच्या स्थानिक माणसाचा फोन बंद होता, नाशिक शाखेने मुंबईला विचारा म्हटलं, मुंबईने स्थानिक माणसाला विचारा म्हटलं. सत्तरी ओलांडलेले, मधुमेह असलेले सासरे पावसात बॅगांवर बसून होते. त्यांना वेळेवर काहीतरी खायला मिळावं म्हणून माझे यजमान भिजत फिरत होते. दुपारनंतर आम्हीच खोली शोधली, आमच्या पैशांनी. हॅवलॉकच्या ज्या रिसॉर्टमध्ये ती रात्र काढायची होती तिचे पैसे तुमच्याकडे आधीच गेले होते. ते परत देण्याचा विषयही कुणी काढला नाही.

हॅवलॉकला, म्हणजे स्वराज द्वीपला पोचल्यावर खरी गोष्ट कळली. डायव्हिंग सेंटरचे प्रशिक्षक भला माणूस. त्यांनी आम्हाला किनाऱ्यावर नेऊन समुद्र दाखवला. लाटांनी तळाची वाळू ढवळून निघाली होती, पाणी गढूळ होतं. अशा पाण्यात नवख्या माणसाला, त्यातही मुलांना, मी खाली नेणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग आपला मोबाइल काढून तुमच्या कार्यालयाला पाठवलेला संदेश दाखवला. या आठवड्यात बोटी निघण्याची शक्यता कमी आहे, पाहुण्यांना आधीच कळवा, असं त्यात लिहिलं होतं. त्या संदेशाची तारीख आम्ही नाशिक सोडण्याच्या आधीची आहे. त्यांच्या परवानगीने मी त्याचा फोटो काढला, तो सोबत आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सेंटरला पैसे डाइव्ह झाल्यावर मिळतात आणि आमच्या नावाचा एक रुपयाही तुमच्याकडून त्यांच्याकडे आलेला नव्हता.

म्हणजे आम्ही नाशिकहून निघालो तेव्हा डायव्हिंग बहुधा होणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. कळवलं असतं तर आम्ही काय केलं असतं ते आमचं आम्ही ठरवलं असतं. तारखा पुढे ढकलल्या असत्या, किंवा डायव्हिंग सोडून बाकीची सहल केली असती. मुलांना तरी आधी समजावलं असतं. माझी अकरा वर्षांची मुलगी उन्हाळाभर सकाळी त्र्यंबक रोडवरच्या सावरकर तरणतलावावर जात होती. नाक दाबून कान कसे मोकळे करायचे हे ती तळाला जाऊन पुन्हा पुन्हा करून बघायची, कारण खाली पाण्याचा दाब वाढला की ते जमलं नाही तर कान दुखतो, हे तिने वाचलं होतं. तिला लहानपणी दम्याचा त्रास होता, म्हणून आमच्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेऊन मी लेखी दाखलाही आणला होता. तो शाखेत दाखवला तेव्हा “हे कशाला, फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहा, कुणी बघत नाही” असं मला सांगण्यात आलं. त्या वेळी मी गप्प राहिले. आता लिहिते आहे, कारण पुढे जे घडलं ते त्याच वृत्तीचं होतं.

परतीच्या दिवशी समुद्र थोडा शांत झाला. आदल्या रात्री तुमच्या स्थानिक प्रतिनिधीचा फोन आला, की सकाळी सहाला तयार राहा, डाइव्ह करून टाकू, मग फेरी, मग दुपारचं विमान. मी नाही म्हटलं. यालाच तुम्ही तुमच्या ईमेलमध्ये ‘ग्राहकाने स्वतः नाकारली’ असं लिहिलं आहे.

डाइव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासातून घेताना तिच्यातला नायट्रोजन रक्तात आणि पेशींमध्ये विरघळतो आणि वर आल्यावर तो सावकाश बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असतो. शरीरात नायट्रोजन शिल्लक असताना त्या कमी दाबात गेलं तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. त्याने सांधे दुखण्यापासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं. म्हणून एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डाइव्ह असतील तर किमान १८ तास उड्डाण करू नये, ही डायव्हिंगमधली जगभर पाळली जाणारी शिफारस आहे. नवख्यांची डाइव्ह १२ मीटरच्या आतच असते, पण म्हणून ही शिफारस त्यांना लागू नाही असं कुठेही म्हटलेलं नाही. सकाळी पाण्यात आणि दुपारी विमानात, हा कार्यक्रम तुमच्या कंपनीने दोन मुलांसह एका कुटुंबासाठी आखला. त्या प्रशिक्षकांना मी हे सांगितलं तेव्हा आमचं दुपारचं विमान आहे हेच त्यांना कुणी कळवलं नव्हतं. ते म्हणाले, माहीत असतं तर मीच नेलं नसतं.

अशी डाइव्ह नाकारणं हे आई म्हणून माझं कर्तव्य होतं. तेच कारण पुढे करून तुम्ही माझे पैसे ठेवून घेताय, याचा मला मनस्वी राग आला आहे. मुलीने विमानात एक शब्दही काढला नाही. मुलगा आता वर्षभर दहावीच्या अभ्यासात असेल. ती सुट्टी आम्हाला परत मिळणार नाही आणि तिची किंमत मी तुमच्याकडे मागतही नाही.

तुमच्या अटींमध्ये नैसर्गिक आपत्तीचं कलम आहे, ते मी वाचलं आहे. पावसामुळे बोट निघाली नाही, इथपर्यंत ते ठीक. पण जी सेवा दिलीच नाही आणि जिच्यासाठी तुम्ही पुढे कुणाला पैसेही दिले नाहीत, ती रक्कम त्या कलमाच्या आधारे तुमची कशी होते, याचं उत्तर मला हवं आहे. शिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार संबंधित माहिती ग्राहकापासून जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतील त्रुटी आहे. प्रशिक्षकांनी पाठवलेला संदेश तुमच्या कार्यालयात असताना तो आम्हाला न सांगणं याच व्याख्येत बसतं, असं माझं म्हणणं आहे.

तेव्हा माझी मागणी अशी आहे. डायव्हिंगचे २६,००० रुपये पूर्ण परत करावेत. फेरी रद्द झाली त्या रात्रीच्या खोलीचा खर्च आणि हॅवलॉकच्या न वापरलेल्या रात्रीचं भाडं द्यावं, दोन्हींच्या पावत्या सोबत आहेत. ‘ग्राहकाने डाइव्ह नाकारली’ ही तुमच्याकडची नोंद दुरुस्त करून, ती विमानाच्या वेळेमुळे असुरक्षित होती असं मला लेखी कळवावं. ही तिसरी मागणी माझ्यासाठी पैशांइतकीच महत्त्वाची आहे. आणि मेअखेरीची अंदमान सहल विकताना समुद्राची स्थिती आणि डाइव्हनंतर उड्डाणापर्यंत ठेवायचं अंतर, या दोन गोष्टी पैसे घेण्याआधी ग्राहकाला लेखी द्याव्यात. नाशिकमधून पुढच्या उन्हाळ्यातही कुटुंबं तुमच्याकडे येणार आहेत, त्यांच्यातही लहान मुलं असतील.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. फोनवरचं आश्वासन किंवा पुढच्या सहलीत सवलतीचं कुपन मी स्वीकारणार नाही. उत्तर आलं नाही तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करेन. ग्राहक जिथे राहतो तिथे दाद मागण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे, त्यासाठी मला मुंबईला यावं लागणार नाही. कागदपत्रं तयार ठेवली आहेत.

आपली,
एक ग्राहक, नाशिक