काट्यावरचं वजन

येळ्ळूर, ता. जि. बेळगाव
मृग नक्षत्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस हे एक, आणि लांब बोललो की मला दम लागतो हे दुसरं. कागदावर थांबत थांबत लिहिता येतं. बाहेर पाऊस धरलाय, भाताची पेरणी उरकली. म्हणजे माणसांनी उरकली, मी बांधावर खुर्ची टाकून बसलो होतो.

रविवारी व्हिडिओवर तू म्हणालास, "अप्पा, ७० किलो! बीएमआय २५च्या आत आला. मस्त!" बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती, तो आकडा. तुझी आई पण खूश झाली. गल्लीत जो तो म्हणतो, "काय अप्पा, बारीक झालायसा की!" मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. परवा डॉक्टरांनी ते बरं वाटणं काढून घेतलं.

आधी आकडे नीट लावून घेऊ. श्रावणात हार्ट फेलनं ॲडमिट झालो तेव्हा वजन ८४ होतं. सहा दिवसांनी घरी आलो तेव्हा ७६. तू ऑफिसात पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवलेस. अरे, ते आठ किलो म्हणजे नुसतं पाणी होतं. नडगीवर बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा, आठवतं ना? लघवीच्या इंजेक्शनांनी ते पाणी काढलं. त्यात ना चरबी गेली, ना मांस. हार्ट फेल म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, त्याचा जोर कमी होणं, हे आता गल्लीलाही पाठ झालंय. माझं पंपिंग ३० टक्के आहे. जोर कमी पडला की पाणी पायांत, पोटात, फुफ्फुसात साठतं आणि काटा वर जातो. म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करून वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर डॉक्टरांना फोन. हे मी चुकवत नाही.

चूक झाली ती पुढच्या सहा किलोंत. ७६ वरून ७०, आठ महिन्यांत. पायाला सूज नाही, म्हणजे हे पाणी नव्हे. डॉक्टरांनी विचारलं, "कंबर किती कमी झाली?" टेप लावली. आधी ९९ सेंटिमीटर होती, आता ९८. मग त्यांनी पायजमा वर करायला लावला आणि मांडी बघितली. बाळ, त्या मांडीवर मी आनंदवाडीच्या आखाड्यात माणसं तोलली आहेत. आता तिथं पायजमा फडफडतो. पट्ट्याचं भोक मात्र तेच!

आमचे वस्ताद कधी काट्यावर उभं करायचे नाहीत. दंड आणि मांडी मुठीत धरून बघायचे आणि सांगायचे, हा बांधलेला आहे, हा नुसता फुगलेला आहे. ५० वर्षांनी डॉक्टर तेच सांगत होते, फक्त त्यांच्याजवळ यंत्र होतं. स्प्रिंगची मूठ असते, जोर लावून दाबायची. माझा आकडा आला २४ किलो. आपल्या आशियातल्या पुरुषांचा २८च्या खाली आला की ताकद कमी धरतात. दुसरी परीक्षा तर माझी लाजच काढणारी. हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं. १२ सेकंदांच्या आत व्हायला हवं, मला १७ लागले. पहाटे पाचशे बैठका मारणारा माणूस मी. मारुतीरायानं बघितलं असेल तर तोंड फिरवलं असेल.

डॉक्टर म्हणाले, या आजारात सूज नसताना, मुद्दाम उतरवलेलं नसताना, वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन उतरलं तर ती धोक्याची घंटा. माझं जवळजवळ आठ टक्के उतरलंय. असं झिजणाऱ्या रोग्यांचं पुढचं बरं जात नाही, हे १९९७ पासून अभ्यासात दिसत आलंय. कारण विचारलं. आतड्यांना सूज असते म्हणून दोन घासांत पोट भरतं. स्नायूंना रक्त कमी पोचतं. आणि शरीर आजाराशी झगडत असतं, ते खर्चाला आपलंच मांस काढतं. वर मी दमतो म्हणून बसून असतो. त्यात आणखी एक कारण होतं. ते मी डॉक्टरांना सांगितलं, तुझ्या आईला नाही. तू "रात्रीचं जेवण बंद करा" म्हणालास आणि मी चार महिने केलं. तुझ्यावर ढकलत नाही. मला विचारायची अक्कल हवी होती.

तुझा मामा लगेच दुसऱ्या टोकाला गेला. म्हणे हार्ट फेलमध्ये जाड माणूस जास्त टिकतो, शोध लागलाय, खा बिनधास्त. हे मी डॉक्टरांना विचारलं. ते हसले, पण उडवून लावलं नाही. पूर्वीच्या अभ्यासांत खरंच तसं दिसायचं, जास्त बीएमआयवाले जास्त जगायचे. पण २०२३ साली आठ हजारांवर रोग्यांचा हिशेब बीएमआयऐवजी कंबर आणि उंची यांच्या प्रमाणावर मांडला, बाकीचे आजार आणि रक्ताच्या तपासण्या धरल्या, तेव्हा जाडीचा तो फायदा पुसला गेला. उलट कंबर जास्त तर दवाखान्याची वारी जास्त. बीएमआयला वजन किती ते कळतं, कशाचं ते कळत नाही. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. माझी उंची १६८, म्हणजे ८४. मी १४ सेंटिमीटर मागे आहे. तर मामाचंही बरोबर नाही आणि तुझंही नाही.

तुमच्या पुण्यातलीच गोष्ट आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. २००४ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात दोघांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. आपली जात अशी, वरून सडपातळ आणि आतून लोणी.

तू जिममधल्या त्या यंत्रावर उभं राहा म्हणतोस, चरबीचा आकडा सांगणाऱ्या. ते अंगातून बारीकसा करंट सोडून अंदाज काढतं. अंगात पाणी साठलेलं असेल तर पाण्यालाच मांस समजून बसतं. माझ्यासारख्याला ते खोटं शाबासकीपत्र देईल. आणि तू म्हणतोस ते वजन उतरवायचं इंजेक्शन. त्याचाही २०२३ मध्ये चांगला निकाल आला, पण बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त आणि पंपिंग शाबूत असलेल्यांमध्ये. माझी गाडी वेगळी. तेव्हा ऑनलाइन काही मागवू नकोस.

आता चाललंय ते असं. किलोमागे एक ग्रॅमच्या वर प्रथिन. सकाळी दोन अंडी, दुपारी हुलग्याची उसळ नाहीतर मटकी, रात्री दूध-भाकरी, सगळं थोडं थोडं पाच वेळा. मूत्रपिंडाची तपासणी करूनच हे ठरलंय, नाहीतर तू लगेच गुगल करशील. आहाराचं पत्रक कन्नडात आहे. मी वाचून तुझ्या आईला मराठीत सांगतो, आणि पहिल्या दिवशी पापड-लोणच्याची ओळ गाळली होती. पकडला गेलो. शेजारच्या वहिनी पण कन्नड वाचतात, हे ध्यानात नव्हतं.

फिजिओवाली पोर आठवड्यातून दोनदा येते. तुझ्याहून लहान आहे आणि वस्तादांहून कडक. खुर्चीवरून उठबस, रबरी पट्टा ओढणे, मारुतीच्या देवळापर्यंत चालणे. चालताना बोलता आलं पाहिजे, धाप लागली की थांबायचं. पोट उतरवायचंय, पण सावकाश, मांस सांभाळून. काटा हलला नाही तरी चालेल म्हणते. महिन्यानं मूठ आणि टेप बघणार.

एवढंच कर. रविवारी वजन विचारू नकोस. कंबर किती आणि पाच बैठकांना किती सेकंद लागले ते विचार. गणपतीला येताना माझ्या जुन्या विजारी घेऊन जा आणि मांडीत आटवून आण, आईला दाखवू नकोस.

काल १४ सेकंद लागले. घड्याळ मीच धरलं होतं, पण ते असो.

तुझे,
अप्पा